पूर्ण माप, शुद्ध माल : रॉचडेलची २८ माणसे आणि आपण व्यापारी

व्यापार कशासाठी करावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजात फार पूर्वीपासून दिले गेले आहे. उदरनिर्वाह, कुटुंबाचे पालनपोषण आणि उरलेल्या संपत्तीचा धर्मकार्यासाठी व लोकहितासाठी विनियोग, असा तो क्रम आहे. धर्मशाळा, पाठशाळा, वसतिगृहे, पांजरपोळ, दवाखाने या साऱ्या वास्तू व्यापाऱ्यांच्या दानातून उभ्या राहिल्या, आणि त्याचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु या क्रमात एक प्रश्न बहुधा मागे राहतो. कमावलेल्या धनाचे काय करावे, याचा विचार आपण करतो. ते धन कमावताना समाजाचे काय झाले, याचा विचार तितकासा होत नाही. दान ही व्यापारानंतरची गोष्ट आहे. लोकहित हे खुद्द व्यापाराच्या रीतीतच, म्हणजे मापात, भावात, उधारीत आणि नफ्याच्या वाटणीत असू शकते काय?

या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो की पावले आपोआप इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील रॉचडेल या गावाकडे वळतात. विशेष म्हणजे हा इतिहास आरंभापासून कापडाच्या धाग्याने विणलेला आहे. म्हणूनच आयुष्याची चार दशके कापडाच्या गादीवर घालविलेल्या मजसारख्या व्यापाऱ्याला तो जवळचा वाटतो.

कापड दुकानातील उमेदवार

या कथेचा पूर्वरंग रॉबर्ट ओवेन यांच्यापासून सुरू होतो. १७७१ साली वेल्समधील न्यूटाऊन येथे जन्मलेला हा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी स्टॅमफर्ड येथील एका कापड दुकानात उमेदवार म्हणून राहिला. पुढे तो सूतगिरणीच्या धंद्यात शिरला आणि १८०० साली स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या गिरण्यांचा कारभार त्याच्या हाती आला. त्या काळी गिरणीत पाच-सहा वर्षांची मुलेही राबत असत. ओवेनने दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले, कामाचे तास कमी केले आणि १८१६ साली गिरणीच्या आवारातच शिक्षणाची संस्था उघडली. अमेरिकेने कापसाची निर्यात रोखली, तेव्हा चार महिने गिरण्या बंद राहिल्या. त्या काळातही त्याने कामगारांना पूर्ण मजुरी दिली. तरीही गिरणी नफ्यात चालली.

त्याने गिरणीच्या वसाहतीत एक दुकानही चालविले. चांगला माल घाऊक भावात एकदम खरेदी करावा, तो जवळजवळ खरेदीच्याच भावाने विकावा आणि जो थोडा नफा होईल तो शाळेकडे वळवावा, अशी त्याची रीत होती. आपणा व्यापाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. घाऊक खरेदीतली काटकसर आपण जाणतोच. नवे होते ते इतकेच की त्या काटकसरीचा लाभ ग्राहकाकडे गेला. मात्र हे सारे मालकाच्या सदिच्छेवर अवलंबून होते. मालक बदलला की रीत बदलणार. १८२५ साली ओवेनने अमेरिकेत ‘न्यू हार्मनी’ नावाची आदर्श वसाहत स्थापन केली, ती दोन-तीन वर्षांतच मोडली. लोकांनी स्वतःच्या बळावर, स्वतःच्या नियमांनी चालविलेली संस्था कशी असावी, हे दाखविण्याचे काम पुढे सामान्य कारागिरांनी केले.

टोड लेनवरील दुकान

रॉचडेल हे फ्लॅनेल विणणाऱ्यांचे गाव. १८४०च्या दशकात इंग्लंडमधील मजुरांची स्थिती अत्यंत हलाखीची होती. यंत्रमागामुळे हातमागाची मजुरी घसरत चालली होती. १८४४ साली विणकरांनी मजुरीवाढीची मागणी केली, ती फळास आली नाही. त्यात बाजाराची स्थिती अशी की पिठात तुरटी व खडूची पूड, चहात वापरून पुन्हा वाळविलेली पाने, आणि तराजूत मापाची चोरी. मजूर दुकानदाराचा कायमचा ऋणको असल्याने तक्रार करण्याची सोय नव्हती. ज्याच्या वहीत आपले नाव उधारीच्या खाती आहे, त्याला त्याच्या पिठाविषयी कोण विचारणार?

अशा वेळी २८ जणांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स वर्गणी साठवून २८ पौंडांचे भांडवल उभे केले. त्यांत विणकर होते, तसेच सुतार, चांभार असे इतर कारागीरही होते. ‘रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स’ या नावाने संस्था नोंदविली गेली. टोड लेन नामक गल्लीतील एका वखारीचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला, आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी संध्याकाळी दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. सॅम्युअल अ‍ॅशवर्थ विक्रीला आणि विल्यम कूपर रोखपालाच्या जागी. गिरणीतील पोरे बाहेर जमून टवाळी करीत होती, असे या संस्थेचा इतिहासकार जॉर्ज जेकब होलिओक याने नोंदवून ठेवले आहे.

टवाळी करणाऱ्यांचे फारसे चुकले नव्हते. त्याच गल्लीत १८३३ साली असेच एक दुकान निघाले होते आणि उधारीच्या ओझ्याखाली दोन वर्षांत बुडाले होते. या वेळी मात्र त्या अपयशातून धडा घेऊन नियम बांधले गेले होते. ते नियम असे :

एक, माल शुद्ध आणि माप पूर्ण. दोन, व्यवहार रोखीचा, उधारी कोणालाही नाही. तीन, विक्री बाजारभावाने, भाव पाडून शेजारच्या दुकानाशी स्पर्धा नाही. चार, भांडवलावर ठरावीक मर्यादेतच व्याज. पाच, उरलेला नफा सभासदाने किती माल विकत घेतला त्या प्रमाणात परत. सहा, भाग कितीही असोत, मत एकच. सात, सभासदत्वास धर्माची वा राजकीय पक्षाची अट नाही. स्त्रियांनाही सभासद होता येत असे, आणि विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर कायद्याने हक्क नसलेल्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. पुढे शिल्लक नफ्याचा शेकडा अडीच भाग सभासदांच्या शिक्षणासाठी राखून ठेवण्याचा नियमही झाला. दुकानाच्या माडीवर वाचनालय आणि वृत्तपत्रांची खोली सुरू झाली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यांतील पाचवा नियम विशेष अभ्यासण्याजोगा आहे. समजा, वर्षभरात दुकानात एक लाख रुपयांची विक्री झाली आणि सर्व खर्च, व्याज व राखीव निधी वजा जाता पाच हजार रुपये उरले. म्हणजे शंभर रुपयांच्या खरेदीमागे पाच रुपये. ज्या घराने दहा हजारांचा माल घेतला त्याला पाचशे आणि ज्याने दोन हजारांचा घेतला त्याला शंभर मिळणार. संयुक्त भांडवलाच्या कंपनीत नफा भागधारकाकडे, म्हणजे ज्याने पैसा घातला त्याच्याकडे जातो. येथे तो ज्याच्या खरेदीतून निर्माण झाला त्याच्याकडे परतला. शिवाय ही रक्कम संस्थेतच भांडवल म्हणून ठेवण्याची मुभा होती. ज्या मजुराने आयुष्यात कधी शिल्लक पाहिली नव्हती, त्याची शिल्लक केवळ नेहमीचे पीठ-मीठ खरेदी करण्यातून साठू लागली.

फळ लवकर दिसले. १८४५ अखेर सभासद ७४ झाले, १८५० मध्ये ६०० आणि १८६० मध्ये ३,४५०. २८ पौंडांचे भांडवल त्या सोळा वर्षांत ३७ हजार पौंडांवर गेले.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. आपल्या श्रावकाचारात अस्तेय व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरणे आणि अस्सल मालात नकली माल मिसळणे हे दोन्ही स्पष्टपणे येतात. म्हणजे मापातील लबाडीला आपल्या आचार्यांनी व्यापारी चातुर्य मानले नाही, तिला चोरीच म्हटले. रॉचडेलच्या कारागिरांना या ग्रंथांची वार्ताही नव्हती. गरजेतून आणि अनुभवातून ते त्याच ठिकाणी पोहोचले. तत्त्व खरे असले म्हणजे त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक असतात.

कापसाचा दुष्काळ आणि मुंबईची सुबत्ता

यानंतरच्या प्रकरणात रॉचडेलची गाठ थेट आपल्या मुलखाशी पडते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेतून येत असे, तो थांबला. लाखो कामगार बेकार झाले. आणि नेमक्या त्याच वेळी मुंबईच्या बाजारात सोन्याचा पाऊस पडू लागला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला कधी न मिळालेला भाव आला. एकीकडची उपासमार ही दुसरीकडची दिवाळी होती.

या सुबत्तेत आपल्या देशातील व्यापाऱ्यांनी काय केले? एक उत्तर राजाबाई टॉवरच्या रूपाने मुंबईत उभे आहे. कापूस आणि शेअर बाजारातील अग्रगण्य व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व मनोऱ्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या. मातोश्री राजाबाई यांचे नाव असलेला तो मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. हे दान निःसंशय थोर आहे.

दुसरे उत्तर तितके सुखद नाही. भाव वाढताच कापसाच्या गाठींत सरकी, माती, दगड भरण्याचे प्रकार इतके बोकाळले की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला हा माल लँकेशायरमध्ये ‘सुरत’ या नावाने ओळखला जाई, आणि ‘सुरत’ हा शब्दच तेथे टाकाऊ मालाला प्रतिशब्द बनला. ज्या बंदराचे नाव शतकानुशतके उत्तम वस्त्रांसाठी जगभर घेतले जाई, त्याची ही गत चार वर्षांच्या लोभाने केली. युद्ध संपताच अमेरिकी कापूस परतला आणि गिऱ्हाईकही परतले. ज्याने आपल्या अडचणीचा फायदा घेतला, त्याच्या दारात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा उभे राहत नाही.

१८६५ साली मुंबईचा फुगा फुटला. कागदावरच्या कंपन्या बुडाल्या, बॅंक ऑफ बॉम्बेही त्या वावटळीत सापडली आणि शेवटी गुंडाळावी लागली. खुद्द प्रेमचंद रायचंद यांनाही जबर फटका बसला. त्याच वर्षांत रॉचडेलच्या सभासदांनी संस्थेत साठविलेली शिल्लक थोडी थोडी काढून घर चालविले. १८६२ मध्ये सभासदसंख्या काहीशी घटली, पण संस्था उभी राहिली आणि लवकरच पुन्हा वाढू लागली. उधारीविना, सट्ट्याविना चाललेल्या दुकानाने ती चार वर्षे निभावली, कोट्यवधींची बॅंक निभावू शकली नाही.

वह्यांची होळी

मुंबईच्या त्या तेजीचा खरा हिशेब शेतकऱ्याने चुकता केला. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे भाव कोसळल्यावर डोक्यावर राहिली, त्यात सरकारी साराही वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा रोख प्रामुख्याने मारवाडी व गुजराती सावकारांवर होता. दंगलीची चौकशी करणाऱ्या आयोगाला आढळले ते असे की जमावाला हव्या होत्या मुख्यतः कर्जाच्या वह्या आणि रोखे. ते हाती आले की जाळले जात. शारीरिक इजा तुलनेने कमी झाली.

आपणा व्यापारी समाजाने हा प्रसंग विसरू नये असे मला वाटते. सावकार गावाला आवश्यक होता. बियाणे, बैल, लग्नकार्य, सारा, सर्व काही त्याच्या पैशावर चाले. त्याची जोखीमही मोठी होती. तरीही गावाने प्रथम जाळली ती त्याची वही. गावाच्या अडचणीशी आपला नफा जोडला गेला की गावात राहूनही आपण गावाचे राहत नाही, हे त्या होळीने दाखविले.

सरकारने १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी शेतकी बॅंकेची योजना मांडली, पण ती प्रत्यक्षात आली नाही. अखेर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तत्कालीन मुंबई इलाख्यातील, आज कर्नाटकात असलेल्या गदगजवळील कणगिनहाळ येथे १९०५ साली या कायद्याखालील आरंभीची संस्था निघाली.

या चळवळीला भांडवल पुरविण्यासाठी १९११ साली मुंबईत जी मध्यवर्ती सहकारी बॅंक स्थापन झाली, तिचे एक प्रवर्तक लल्लूभाई सामळदास आणि दुसरे सर विठ्ठलदास ठाकरसी होते. ठाकरसी कापड गिरण्यांचे मालक. त्यांनी १९२० साली महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला मातोश्री नाथीबाईंच्या नावे १५ लाखांची देणगी दिली, हे सर्वांस ठाऊक आहे. शेतकऱ्याला रास्त व्याजाने कर्ज मिळावे म्हणून त्यांनी उभारलेल्या बॅंकेची आठवण मात्र क्वचित निघते. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बॅंक होय. लल्लूभाईंचे सुपुत्र वैकुंठभाई मेहता यांनी या बॅंकेच्या सेवेत सुमारे पस्तीस वर्षे वेचली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभारण्याचे ठरविले, तेव्हा अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९५० साली तो कारखाना सुरू झाला.

रॉचडेलचे ऋण महाराष्ट्राने व्याजासह फेडले, असेही म्हणता येईल. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने सहकाराच्या तत्त्वांची फेरमांडणी करण्यासाठी जो आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. द. गो. कर्वे हे होते. १९६६ साली स्वीकारलेल्या त्या मांडणीत ‘सहकारी संस्थांनी परस्परांशी सहकार्य करावे’ या तत्त्वाची भर पडली. १९९५ साली त्यात समाजाविषयीच्या आस्थेचे तत्त्व जोडले गेले. आणि २८ पौंडांची आठवण करून देणारी गोष्ट गिरगावात घडली. १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. आज ‘लिज्जत’ने हजारो भगिनींच्या हाताला काम दिले आहे, आणि नफ्यातोट्यात सर्वजणी वाटेकरी आहेत.

जेथे सूत तुटते

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रॉचडेलच्या मंडळींनी १८५४ साली स्वतःची सूतगिरणी काढली आणि तीत भांडवलाबरोबर श्रमालाही नफ्याचा वाटा दिला. गिरणीचे भाग बाहेरच्यांनी घेतले, त्यांची संख्या वाढली आणि १८६२ साली बहुमताने कामगारांचा वाटा रद्द झाला. नियम तोच, घटना तीच, माणसे बदलली आणि हेतू गेला. आपल्याकडे २००१ साली अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बॅंक शेअर दलालांना दिलेल्या कर्जांमुळे कोसळली, तेव्हा लहान ठेवीदारांची पुंजी अडकली. सहकाराचे नाव दारावर लावल्याने सट्टा पवित्र होत नाही. सभासदाने सभेस जाणे, ताळेबंद वाचणे, प्रश्न विचारणे सोडले की संस्था कोणाची तरी खासगी पेढी होते. रॉचडेलकरांनी नफ्याचा भाग शिक्षणासाठी का राखला, याचे उत्तर येथे मिळते. अशिक्षित सभासदाचे मत हे केवळ बोट वर करणे असते.

आपल्यापुरते

आज लहान व्यापारी कठीण काळातून जात आहे. मोठी दालने आणि घरपोच विक्री यांच्याशी एकट्या दुकानाची बरोबरी होत नाही. ते थेट गिरणीतून हजारो ताग्यांची खरेदी करतात, आपण दहा-वीस ताग्यांची. परंतु हीच अडचण १८६३ साली उत्तर इंग्लंडमधील लहान सहकारी दुकानांपुढे होती. त्यांनी एकत्र येऊन घाऊक खरेदीची संस्था काढली आणि तीच पुढे त्या देशातील मोठ्या व्यापारी संस्थांपैकी एक झाली. एका पेठेतील पंचवीस कापड दुकानदारांनी सुरत, भिवंडी, इचलकरंजी येथून खरेदी एकत्र केली, तर भाव, वाहतूक आणि परतीचा माल या तिन्हींत काटकसर होईल. त्या काटकसरीचा काही भाग ग्राहकाला, काही दुकानातील नोकरांना आणि काही मुलांच्या शिक्षणाला देता येईल. अडथळा भांडवलाचा नाही. शेजारच्या दुकानदाराला आपला खरेदीचा भाव कळेल, या भीतीचा आहे.

दान करावेच. ते आपले भूषण आहे, आणि ज्या ट्रस्टची पन्नास वर्षे आपण साजरी करीत आहोत तोही अशाच अनेक हातांच्या देण्यातून उभा आहे. परंतु दान वर्षातून काही दिवस घडते, दुकान मात्र रोज उघडते. रोज सकाळी कापड मोजताना पट्टीवर जो धर्म पाळला जातो, तो कोणत्याही कोनशिलेवर कोरला जात नाही. टोड लेनवरील त्या दुकानात अखेरपर्यंत पीठ पूर्ण मापाचे मिळाले, म्हणून २८ साध्या माणसांची आठवण पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही जग ठेवते. आपल्या पेढीचे नाव पुढच्या पिढीने कोणत्या कारणासाठी घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार आजही आपल्याच हाती, आपल्याच गजात आहे.